सैन्य पाठवावे काय? – चाळीस वर्षांनंतरचे उत्तर

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'फौजेतील आठवणी' असा विषय दिला आहे आणि वेळ दिली आहे पंधरा मिनिटं. फौजी माणसाला आठवणी सांगा म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिकडे वरण थंड होईल आणि माझी पहिली पोस्टिंगसुद्धा संपणार नाही. म्हणून आठवणी बाजूला ठेवतो. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे, तेवढंच देतो. प्रश्न विचारणारे सर समोर बसले आहेत. त्यांचं वय आता ब्याऐंशी आहे. आणखी उशीर करणं बरं नाही.

आठवतं का, १९८३ च्या डिसेंबरात आपल्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धा झाली होती. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो, गोंदिया जिल्हा व्हायला अजून सोळा वर्षं होती. शाळेत वर्तमानपत्र एकच यायचं, तेही नागपूरहून दुपारच्या गाडीनं. इतिहासाचे सर ते आधी स्वतः वाचायचे, मग फळ्यावर ठळक बातम्या लिहायचे. त्या वर्षी जुलैमध्ये श्रीलंकेत आग लागली होती. २३ जुलैला जाफन्यात एलटीटीईनं लंकेचे १३ सैनिक मारले आणि त्याचा सूड म्हणून कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली. सरांनी विषय दिला : 'श्रीलंकेतील तमिळांच्या रक्षणासाठी भारताने सैन्य पाठवावे.'

मी अनुकूल बाजूनं बोललो. बाह्या वर सारून, टेबलावर हात आपटून बोललो. माझा मुख्य मुद्दा असा होता की, बांगलादेश मुक्त करायला आपल्याला तेरा दिवस लागले. लंका तर त्याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणजे आठवडाभराचं काम. टाळ्या पडल्या.

प्रतिकूल बाजूनं जी बोलली, ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, नाहीतर जेवताना माझ्या शेजारी बसणार नाही. ती म्हणाली होती, "शेजारच्या घरात नवरा-बायकोचं भांडण चालू असताना आपण काठी घेऊन आत शिरलो, तर शेवटी दोघं मिळून आपल्यालाच बदडतात." सगळे हसले. मीही हसलो. परीक्षक म्हणून सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "सैन्य नेशील, ठीक आहे. पण परत कधी आणशील?"

मी म्हणालो, "काम झालं की."

सर म्हणाले, "काम झालं, हे कोण ठरवणार?"

मला काही सुचलं नाही. पण आवाज मोठा होता, त्यामुळे पहिलं बक्षीस मलाच मिळालं. एक शाईचं पेन मिळालं होतं. ते पुढे कुठं हरवलं कोण जाणे. प्रश्न मात्र माझ्या मागे मागे श्रीलंकेपर्यंत आला.

१९८५ मध्ये नागपूरच्या भरतीत मी लागलो. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर म्हणून. बंगळूरला ट्रेनिंग झालं. फेब्रुवारी १९८८ मध्ये आमच्या गाड्या मद्रासला जहाजावर चढल्या आणि त्रिंकोमालीला उतरल्या. तिथून वावुनियाला. सप्टेंबर १९८९ पर्यंत मी तिथं शक्तिमान ट्रक चालवला. राशन, दारूगोळा, डिझेल, कधी जखमी, कधी पेट्या. दीड वर्षात किती बंदुका चालवल्या असं मुलं विचारतात. मी म्हणतो, बाबा, मी स्टिअरिंग चालवलं.

आम्ही तिथं गेलो कसे, हे आधी थोडं सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की भारताची लंकेशी लढाई झाली. तसं नव्हतं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. लंकेच्या सरकारनं तमिळ भागाला काही अधिकार द्यायचे, तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि ते घडवून आणायला भारतानं शांतिसेना पाठवायची. दुसऱ्याच दिवशी सलामी घेताना लंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खरं तर त्या फोटोतच पुढचं सगळं होतं.

करारावर सह्या दोन सरकारांच्या होत्या. ज्यांच्या हातात बंदुका होत्या, त्या एलटीटीईची सही नव्हती. आणि त्याच्या आधीची गोष्ट अशी की, १९८३ नंतर या तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं आपल्याच देशातून मिळाली होती. म्हणजे आधी आपण एका भावाला काठी दिली. मग दुसऱ्या भावाच्या बोलावण्यावरून त्याच्या घरात गेलो आणि पहिल्याला म्हणालो, काठी खाली ठेव. तो का ठेवेल?

सुरुवातीला जाफन्याच्या लोकांनी आपल्या जवानांना हार घातले. ऑगस्टमध्ये थोडी शस्त्रं जमा झाली, नावापुरती. सप्टेंबरच्या शेवटी एलटीटीईचा तिलीपन उपोषण करून गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या एलटीटीईच्या लोकांनी सायनाइड खाल्लं, त्यातले बारा मेले. आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शांतिसेनेची लढाई सुरू झाली. तिचं नाव ऑपरेशन पवन. पहिल्याच मोठ्या कारवाईत, जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतले एकोणतीस गेले. एक जण पकडला गेला. जाफना शहर घ्यायला दोन-तीन आठवडे लागले. त्या दिवसांत जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिकाही मारल्या गेल्या. हार घालणारे लोक त्यानंतर दार उघडेनासे झाले.

आपल्या विदर्भातली पुष्कळ मुलं महार रेजिमेंटमध्ये असतात, म्हणून एक नाव मुद्दाम घेतो. मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेला तमिळ माणूस, ८ महार बटालियनचा अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच गोळी घालून गेला. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. विचार करा. तमिळांच्या रक्षणासाठी गेलेल्या सैन्यातला तमिळ अधिकारी तमिळ मुलांशी लढताना शहीद झाला. त्याच्या शौर्याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. पण हे चित्र पाहिल्यावर कामाविषयी शंका यायलाच हवी.

आता माझी गोष्ट. ही मी घरात फक्त हिला सांगितली आहे, बाहेर आज पहिल्यांदा सांगतो.

वावुनियाचा मुलूख पाहिला तेव्हा मला धक्का बसला होता, कारण तो आपल्या झाडीपट्टीसारखाच होता. जंगल, मध्ये तळी आणि तळ्याखाली धानाच्या बांध्या. तळ्याला तिकडे कुळम म्हणतात. गावाच्या नावातच ते असतं. आपल्याकडे मालगुजारांनी तळी बांधली, तिकडे जुन्या राजांनी. पाळीवर उभं राहिलं तर नवेगावबांधच्या बाजूला आलो असं वाटायचं. मी धानवाल्या घरातला. गाडी थांबली की बांधीत पाणी किती आहे ते आधी पाहायचो.

१९८९ च्या जानेवारीत आमचा काफिला चालला होता. पुढे पायी जवान रस्ता तपासत जायचे, मागून गाड्या. धान निसवला होता. एका मोरीवर माझ्या पुढची तिसरी गाडी उडाली. मोरीत सुरुंग पुरला होता. त्या गाडीतला ड्रायव्हर माझ्या बाजूच्या खाटेवर झोपायचा. मराठवाड्यातला होता. त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव घेत नाही. आदल्या रात्री त्यानं घरून आलेल्या चिवड्याचा शेवटचा मूठभर चुरा मला दिला होता.

गोळीबार थांबल्यावर आम्ही खाली उतरलो. रस्त्यापासून शंभर पावलांवर एक म्हातारा धुऱ्यावर फावडं घेऊन उभा होता. बांधीतलं पाणी सोडत असावा. पळाला नाही. मी त्याच्याकडे धावलो, त्याची मान धरली आणि थोबाडीत मारली. दोनदा. 'तुला माहीत होतं, तू सांगितलं का नाहीस?' असं मी हिंदीत ओरडत होतो. त्याला हिंदी येत नव्हतं. त्यानं फावडं खाली ठेवलं आणि हात जोडले. आमच्या सुभेदार साहेबांनी मला ओढून बाजूला केलं.

आमच्यात एक मद्रासचा जवान होता. तो म्हाताऱ्याशी बोलला. संध्याकाळी मी त्याला विचारलं, काय म्हणत होता? तो म्हणाला, "तो म्हणाला, तुम्हाला सांगितलं तर ते रात्री येऊन मारतील. नाही सांगितलं तर तुम्ही दिवसा माराल. मी धान कधी कापू, तेवढं सांगा."

सोबत्यांनो, यादवी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. देवरी, सालेकसाच्या जंगलपट्टीतल्या गावांनी हे वर्षानुवर्षं भोगलं आहे. रात्री एकाला भाकर द्यायची आणि दिवसा दुसऱ्याला जबाब द्यायचा. फरक इतकाच की इथं निदान पोलीस आणि गावकरी एकमेकांची भाषा बोलतात. तिथं मी परका होतो. भाषा येत नव्हती, माणूस ओळखता येत नव्हता, आणि म्हाताऱ्यानं मला बोलावलंही नव्हतं. मी त्याचं रक्षण करायला गेलो होतो आणि मीच त्याला मारलं. त्यात सरकारचा दोष, सैन्याचा दोष असं मी म्हणणार नाही. हात माझा होता. पण परक्या देशाच्या भांडणात बंदूक घेऊन गेलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोराचा हात कधीतरी असा उठणारच, एवढं मात्र धोरण ठरवणाऱ्यांनी हिशेबात धरलं पाहिजे.

तिसऱ्या रांगेतल्या आपल्या मैत्रिणीचं भाकीतही खरं झालं. डिसेंबर १९८८ च्या निवडणुकीत प्रेमदासा अध्यक्ष झाले. त्यांनी भारतीय सैन्याला जायला सांगितलं. तेवढ्यावर थांबले नाहीत, आमच्याशी लढायला त्यांच्या सरकारनं एलटीटीईलाच शस्त्रं दिली. म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. बाई, त्या दिवशी हसलो त्याबद्दल मी आज माफी मागतो.

२४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. जास्तीत जास्त सत्तर हजारांहून अधिक सैन्य तिथं होतं. सुमारे १२०० जवान परत आले नाहीत. मद्रासला जहाजातून उतरलेल्या सैनिकांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री आले नाहीत, कारण त्यांच्या लोकांच्या मनात आम्ही तमिळांना मारून आलेलो होतो. एलटीटीईनं २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींना मारलं. आणि लंकेतली ती यादवी त्यानंतरही चालली, २००९ च्या मेपर्यंत. आम्ही काय संपवून आलो?

मी गावी आलो तेव्हा लोकांनी विचारलं, "रावणाची लंका पाहिली का? सोन्याची आहे का?" त्यांची चूक नाही. देशानंच कधी नीट सांगितलं नाही. आपल्या जवानांचं स्मारक लंकेच्या सरकारनं त्यांच्या संसदेजवळ बांधलं. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं २०१९ मध्ये. तिथं आता ती नावं कोरली आहेत. मी जाऊन माझ्या सोबत्याचं नाव शोधलं. बोट फिरवलं आणि परत आलो.

आता कोणी म्हणेल, मग तू शाळेत म्हणालास ते सगळं चूक, कधीच कुठे जायचं नाही, असं म्हणायचं आहे का? नाही. इतकं सोपं नाही.

आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगरला बंगाली कुटुंबं आहेत. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली. आपल्यासारखंच धान पिकवतात, मासे आपल्यापेक्षा चांगले रांधतात. १९७१ मध्ये अशी एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आली. तीही यादवीच होती, एका देशाचं सैन्य आपल्याच लोकांवर तुटून पडलं होतं. आणि त्याच तालुक्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. थंडीत आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो. त्यांची गोष्ट यादवीची नाही, पण ज्यांच्यासाठी कोणीच आलं नाही त्यांचं काय होतं, ते त्यांच्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी तिथली फौज वाढवायच्या ऐवजी कमी केली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली. म्हणजे न जाण्याचीही किंमत असते, आणि ती दुसऱ्यांना मोजावी लागते. हे विसरून 'आपल्याला काय करायचं' म्हणणं हा काही शहाणपणा नव्हे.

मग फरक कुठे? मी पुष्कळ वर्षं विचार केला. शेतात पाणी धरताना विचाराला वेळच वेळ असतो. मला फरक सरांच्या प्रश्नातच सापडला.

१९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानच्या लोकांनी निवडणुकीत १६२ पैकी १६० जागा एकाच पक्षाला दिल्या होत्या. त्यांना काय हवं ते मतपेटीतून कळलेलं होतं. लढायला त्यांची स्वतःची मुक्तिवाहिनी होती. आपण घाई केली नाही. मार्चमध्ये कत्तल सुरू झाली, पण तयारी होईपर्यंत सैन्य थांबलं. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. आणि टाळ्या मिळवताना मी शाळेत जे सांगितलं नव्हतं ते असं : मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत आपलं सैन्य ढाक्यातून निरोपाचं संचलन करून परत फिरलं होतं. तेरा दिवसांत जिंकलो हे आपण सगळे सांगतो. तीन महिन्यांत परत आलो हे कोणी सांगत नाही. माझ्या मते मोठी गोष्ट ती आहे.

दुसरं उदाहरण मालदीवचं. ३ नोव्हेंबर १९८८. मी तेव्हा वावुनियालाच होतो, आम्ही ते रेडिओवर ऐकलं. भाडोत्री बंडखोरांनी राजधानीवर हल्ला केला, तिथल्या अध्यक्षांनी मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून आपले पॅराट्रूपर विमानानं उतरले. अध्यक्ष सुखरूप, बंडखोर पळाले, बहुतेक सैन्य लवकरच परत. आमच्या तंबूत त्या रात्री कोणीतरी म्हणालं, "त्यांना काम सांगून पाठवलं. आपल्याला नुसतं पाठवलं." तो मोठा विचारवंत वगैरे नव्हता, लंगरचा स्वयंपाकी होता.

श्रीलंकेत आपलं काम काय होतं? शांतता राखणं? तमिळांचं रक्षण? एलटीटीईची शस्त्रं काढून घेणं? लंका एकसंध ठेवणं? दर सहा महिन्यांनी वेगळं उत्तर. ज्या कामाचं नाव सांगता येत नाही, ते संपलं हे कसं कळणार? आणि 'काम झालं, हे कोण ठरवणार?' याचं उत्तर अखेर आम्ही दिलं नाही, दिल्लीनं दिलं नाही. ते प्रेमदासांनी दिलं.

हा धडा देश पूर्ण विसरला असं नाही. २००३ मध्ये अमेरिकेनं इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं होतं. वाजपेयी सरकारनं नाही म्हटलं. कित्येकांना तो दुबळेपणा वाटला. आज मागे वळून पाहा, किती घरं वाचली. अफगाणिस्तानात आपण लढाऊ सैन्य पाठवलं नाही; रस्ता बांधला, सलमा धरण बांधलं, संसदेची इमारत बांधून दिली. तालिबान परत आले हे खरं. पण धरणाचं पाणी कुठल्या पक्षाला विचारून शेतात जात नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली आपले जवान दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी आजही आहेत. तिथंही मरण आहे. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेईत आपले पाच जवान गेले. पण तिथं निदान काम लिहून दिलेलं असतं, मुदत ठरलेली असते आणि एकटा भारत कोणाचा शत्रू होत नाही.

म्हणून सर, चाळीस वर्षांनंतर माझं उत्तर असं आहे. दुसऱ्या देशाच्या यादवीत सैन्य पाठवू नये. मोठी कत्तल चालू असेल आणि दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल, तरच त्या गोष्टीचा विचार करावा. आणि तेव्हाही आधी तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. तिथल्या लोकांनी बोलावलं आहे का, नुसत्या सरकारनं नव्हे. आपण त्या भांडणात आधीच कोणाची बाजू घेऊन बसलेलो नाही ना. आणि परत कधी यायचं. ही तिसरी गोष्ट जवानाच्या आईला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर त्या जवानाला जहाजावर चढवू नये.

हे आज का सांगतो? यंदाच्या ऑगस्टमध्ये बांगलादेशात सत्ता उलटली, तेव्हा आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 'दोन दिवसांत सैन्य पाठवा' म्हणणारे एकीकडे, त्यांना शिव्या देणारे दुसरीकडे. दोन जण ग्रुप सोडून गेले. आज दोघंही आले आहेत आणि सकाळी एकाच ताटलीतले पोहे खाताना मी त्यांना पाहिलं आहे. छान वाटलं. तिकडे म्यानमारमध्ये २०२१ पासून यादवी चालू आहे, तीही आपल्या सीमेला लागून. उद्या तिच्यावरूनही आपल्या ग्रुपवर भांडण होईल. भांडा. पण 'सैन्य पाठवा' असं लिहिण्याच्या आधी सकाळी पाच वाजता आपल्या शाळेसमोरच्या रस्त्यावर जाऊन या. अग्निवीरच्या भरतीसाठी पोरं तिथं धावत असतात. अनवाणी धावतात काही जण. आपण जे 'सैन्य' म्हणतो ते म्हणजे हीच पोरं. त्यातली दोन माझ्याकडे गाडी शिकायला येतात. त्यांना देशासाठी जीव द्यायला भीती नाही. म्हणूनच तो मागताना आपण दहा वेळा विचार केला पाहिजे.

त्या म्हाताऱ्यानं त्या वर्षी धान कापला की नाही, मला माहीत नाही. आमचा काफिला त्या रस्त्यानं पुन्हा गेला तेव्हा बांधी मोकळी होती. धसकट दिसत होतं. त्यानंच कापला असेल, असं मी धरून चालतो.

शेवटी एक विनंती. मुख्याध्यापक महोदय, शाळेत वादविवाद स्पर्धा पुन्हा सुरू करा. दरवर्षी पहिल्या बक्षिसासाठी माझ्या पेन्शनमधून २००१ रुपये मी देईन. एकच अट आहे. भाषण संपल्यावर परीक्षकांनी प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारायचा, आणि बक्षीस आवाजाला नाही, उत्तराला द्यायचं.

सर, तुम्ही मला पहिलं बक्षीस द्यायला नको होतं. पण प्रश्न विचारलात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

जय हिंद. चला, आता जेवायला.